फॉर्मवर नसलेला प्रश्न

बसा. सुई अजून पाकिटात आहे,
तुमच्यासमोरच फोडीन.
कुठेही गेलात तरी एवढं बघाच:
पाकीट कोणासमोर फुटतं,
शाई नव्या टोपणात ओततात की कालच्याच,
आणि त्याच हातमोज्यांनी फोन उचलतात का.
उचलला, तर कोट उचला आणि चालू लागा.

असं मी सगळ्यांना सांगते, वूच शहरात,
जुन्या सूतगिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर,
जिथे एके काळी हजार चात्या फिरायच्या
आणि आता माझं एकटं यंत्र गुणगुणतं.

मार्चमध्ये झेनॉन आले. वय एकाहत्तर.
टोपी गुडघ्यावर, बूट पुसलेले,
जणू बँकेत कर्ज मागायला आलेत.
एकतीस वर्षं ट्राम चालवलेली. डब्याचा नंबर हवा होता,
७४३. डेपोमागे गॅसच्या ज्योतीने तो डबा कापला
तेव्हा हे शेवटपर्यंत उभे होते.
"हातावर नको," म्हणाले. "आकडा आहे ना.
लहानपणी आमच्या जिन्यात एक बाई राहायच्या,
भर उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायच्या."
मी मान हलवली. इथे याच्यापुढे कोणी बोलत नाही.
"मागे घाला. खांद्याच्या पात्यावर."

काल रात्री प्यालात? सकाळी खाल्लंत?
(उपाशी पोटी भलेभले आडवे झालेत या खुर्चीत,
एक तर बॉक्सर होता.)
मधुमेह? जखम भरताना कातडी फुगते?
कुठली गोळी चालू आहे?
"एक बारीकशी. रक्त पातळ करणारी."

मी पेन खाली ठेवलं.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात लोक,
पण कातडी दगड नव्हे हो;
रक्त थांबलं नाही तर शाई परत बाहेर येते.
"डॉक्टरांची चिठ्ठी आणा.
आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही."
"पैशाला नाही म्हणताय?"
"आजच्या पैशाला."

तीन आठवड्यांनी आले. चिठ्ठी,
आणि कागदात गुंडाळलेलं हेरिंगचं सँडविच,
अर्धं खाल्लेलं, पुरावा म्हणून.
कागदावर आकडे काढून दिले. तीनदा वाचा म्हटलं,
त्यांनी सातदा वाचले,
चार बदलायला लावला: डब्यावरचा वरून उघडा होता.

एक तास चाळीस मिनिटं. हूं नाही की चूं नाही.
फक्त तीनच्या वळणावर म्हणाले,
"इथे वेग कमी करायचा असतो."

मग माझी नेहमीची पोपटपंची:
दिवसातून दोनदा कोमट पाणी, बिनवासाचा साबण,
मलम पातळ, अगदी पातळ,
ऊन नको, पोहणं नको महिनाभर.
खाज सुटेल, तेव्हा हलकेच थोपटायचं.
खपली काढायची नाही,
बोलता बोलता मी थांबले.
हात मागे नेऊन पाहिला.
माझासुद्धा तिथे पोचत नव्हता.

"घरी कोण असतं?"

हा प्रश्न फॉर्मवर नाही.
ते टोपी गोल गोल फिरवत राहिले.
"खालच्या मजल्यावर व्येस्वावा आहे.
पण आमचं बोलणं नाही. सहा वर्षं झाली.
तिच्या कोबीच्या वासावरून."

"मलम घेऊन दार वाजवा.
उघडलं नाही, तर रोज इथे या."

रोज काही आले नाहीत.
पहिला आठवडा जिन्यात पाऊल वाजलं
की मी साबणाची बाटली पुढे ओढायचे.

मे उजाडला तेव्हा आले. शर्ट काढला.
तीन झकास, चार झकास,
साताच्या आडव्या रेघेत शाई जरा फिकी.
"मलम जाड लागलंय," मी म्हटलं.
शर्ट खुर्चीवर पडला होता,
त्याला कोबीचा वास येत होता.
"सांगून बघितलं," झेनॉन म्हणाले,
"ऐकतच नाही ती."